घडी न मोडलेलं लुगडं

“एक तरी ठेवायचंस गं! पाचच्या पाच फुंकलीस?”

“फुंकली नाय, दिली. आनि वरडू नका, पोर आत हाय.”

“पोर आत हाय म्हनून तर वरडतोय! परवा तिची सासू मांडवाच्या दारात उभी राहून मानाचं लुगडं मागंल, तवा काय दावशील? पेटीचा तळ?”

“दावीन की. तळ बी चांगला सागवानी हाय.”

“मोते!”

हिरामणने पेटीचं झाकण इतक्या जोरात आपटलं की वळचणीखालच्या कोंबड्या कलकलाट करत अंगणात पळाल्या. आत जयवंता हळकुंडं कांडत होती. तिचं मुसळ जरासं थांबलं आणि पुन्हा पडू लागलं. दहिवलीतल्या त्या घराच्या भिंती कुडाच्या. त्यांतून भांडण तर जाईच, सुस्काराही जाई.

मोतीबाई पेटीपाशी उकिडवी बसली होती. तोंडाने चढं बोलत होती, पण नजर पेटीवरून हलत नव्हती. होणाऱ्या विहीणबाईचा, म्हणजे खालापूरकडच्या सोनाबाईचा निरोप आला होता आणि तो साऱ्या आळीने ऐकला होता. ‘मानाची पाच लुगडी. एक माझं, चार माझ्या जावांची. कोरी, घडी न मोडलेली. नाय तर वऱ्हाड पाताळगंगा उतरनार नाय.’

सोनाबाई म्हणजे बोलेल ते करणारी बाई. मागे एका लग्नात सुपारी कमी पडली म्हणून ती भरल्या पानावरून उठली होती.

आणि गंमत बघा, लुगड्यांसाठी खोळंबलं होतं कोणाच्या पोरीचं लग्न? बोचकेवाल्या मोतीबाईच्या!

कर्जतपासून खालापूरपर्यंत तिला याच नावाने ओळखत. लग्न होऊन दहिवलीला आली तेव्हा ती भाजी विकायला कर्जतच्या बाजारात बसायची. एकदा एका गिऱ्हाइकाने भाजीच्या बदल्यात लुगड्याचा तुकडा दिला. तिने तो गावात नेऊन खपवला, आणि त्या दिवशी तिला कळलं की वांगं संध्याकाळी सुकतं, कापड सुकत नाही. मग डोक्यावर बोचकं आलं. हिरामण बैलगाडीने स्टेशनातून व्यापाऱ्यांच्या कापडाच्या गाठी वाहायचा, आणि ती त्याच गाडीच्या मागच्या बाजूला बसून गावोगाव उतरायची. लावणीच्या आधी जाडंभरडं, काळपट, चिखलात न दिसणारं. लग्नसराईच्या तोंडावर काठापदराचं. डोंगरातल्या वाडीवर आखूड, गुडघ्याच्या वर नेसायचं. कोणाच्या अंगाला किती वार लागतात हे ती बाईच्या कमरेकडे बघून सांगायची. चुकीच्या गावी चुकीचा माल नेला की ती कपाळावर हात मारून घेई. “न खपलेला माल म्हंजे घरजावई,” ती म्हणायची. “कोपरा अडवतो आनि हालत नाय.”

मग लढाई आली, लढाईपाठोपाठ कंट्रोल आला. कापड कार्डावर, तेही परवान्याच्या दुकानात. मोतीबाईचं बोचकं खुंटीला लागलं. जयवंतासाठी म्हणून बाजूला ठेवलेली पाच लुगडी तेवढी पेटीत उरली होती. पण कोणाची सून बाळंत झाली आणि अंगावर धड लुगडं नाही, कोणाची म्हातारी लाजेने नदीवर यायची बंद झाली. बाया दाराशी येऊन उभ्या राहिल्या, आणि मोतीबाईला पेटीला कुलूप घालणं जमलं नाही.

“दिली ती दिली,” ती आता पदर खोचत उठली. “चला, गाडी जुंपा.”

“कुठं?”

“पोपटशेटच्या दुकानात. आज गाठ यायचीय.”

*

गाठ आली होती. नदी उतरून कर्जतच्या पेठेत पोचेपर्यंत दुकानासमोर ही लांब रांग लागली होती. पोपटशेट घामाने निथळत पायरीवर उभे होते आणि बायका त्यांना चहूबाजूंनी टोचत होत्या.

“धोतरं? सगळी धोतरं?”

“अगं बायांनो, मी काय करू! मी लुगडी मागितली होती. वरून गाठ आली, फोडली, तर धोतरं! तुमची गाठ मिलच्या दारात पडलीय की मुंबईच्या गुदामात, की चुकून दुसऱ्याच तालुक्याला गेलीय, ते देवाला ठाऊक.”

“मंग तुमीच नेसून दावा धोतराचा कासोटा आमच्यावानी!”

रांगेत हशा पिकला. पोपटशेटही हसले, पण कसनुसे. मोतीबाईला पाहताच त्यांनी हात जोडले. “मोतीबाई, तू तरी नको. तुझ्या पोरीचं लगीन परवा आहे हे मला माहीत आहे. माझ्या हातात असतं तर मी गाठ डोक्यावरून आणली असती.”

“कधी यायची मंग?”

“पुढची खेप. जेठात म्हणतायत.”

“जेठात नातवंड मागंल सोनाबाई, लुगडं नाय!”

पुन्हा हशा. मोतीबाई मात्र हसली नाही. तिची नजर रांगेवरून फिरत होती. धंद्याची सवय. एकीच्या लुगड्याला मधोमध दांड घातलेला. दोन फाटक्या लुगड्यांचे बरे तुकडे जोडून एक केलेलं. दुसरीलाही दांड. तिसरीच्या पदराला दांड. सगळी रांगच दांडाची! आणि ह्या प्रत्येकीला तिने गेल्या सालांत काठापदराची कोरी लुगडी विकलेली. एकेकीला दोन-दोन, तीन-तीन.

“शेट,” ती एकदम म्हणाली, “यायच्या गाठीकडं सगळे डोळं लावून बसलाव. पन आधी गेली ती लुगडी गेली कुठं?”

“फाटली, आणि कुठं जाणार?”

“काठापदराचं फाटत नाय. ते नेसतंच कोन?” तिच्या अंगावर शहारा आला. “आहेरात गेली, शेट! सगळी आहेरात गेली!”

पोपटशेटच्या ते ध्यानात आलं नाही. पण रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि चटकन नजरा वळवल्या. त्यांना बरोबर कळलं होतं.

कारण इथली रीतच तशी. लग्नात, बारशात, डोहाळजेवणात लुगड्याचा आहेर आला की बाई त्याच्या कोपऱ्याला लागलेलं हळदीचं बोट बघते, डोळ्यांना लावते आणि लुगडं घडीसकट पेटीत ठेवते. घडी मोडायची नाही. एकदा घडी मोडली की ते नेसूचं झालं, आहेराला मेलं. घडी शाबूत असली की पुढच्या लग्नात आपलं हळदीचं बोट लावून पुढे द्यायचं. असं एकेक लुगडं या पेटीतून त्या पेटीत, या गावातून त्या गावात फिरत राहतं. नेसत कोणी नाही. नेसायला दांडाचं असतंच.

“माझ्या कार्डावरचं काय ते टाका,” मोतीबाई घाईघाईने म्हणाली.

“धोतरजोडी आहे. चालेल?”

“पळंल! टाका.”

गाडीवर बसलेल्या हिरामणचा चेहरा पहिल्यांदा उजळला. पोरीच्या लग्नात नवं धोतर! त्याने जोडी हातात घेऊन वास घेतला. कोऱ्या खळीचा वास.

“तेवढं बरं केलंस गं.”

“सांभाळून धरा. चुरगळू नका,” मोतीबाई म्हणाली. ते कोणासाठी, हे तिने सांगितलं नाही.

*

भिसेगावात येसूबाईचं दार पहिलं. ही मोतीबाईची जुनी गिऱ्हाईक, चार सुनांची सासू, अंगाने पिंपासारखी.

“लुगडं? माझ्याकडं कुठलं गं बाय लुगडं!”

“येसूमावशी, पेटी उघडा.”

“पेटीत वाळवी लागलीय.”

“वाळवीला आंजिरी लुगडं आवडतं काय? काळ्या काठाचं, मोठ्या पोराच्या लग्नाला घेतलंवतं तुमी. ते तुमी नेसलाव नाय, कुनाला दिलं नाय. मला ठावं हाय, कारन कुनाच्या पेटीत मी ते बगितलं नाय.”

येसूबाईने तोंडाला पदर लावला. मग खुदकन हसली. “तुजी नजर म्हंजे घारीची! बरं, देते. पन फिरून कवा?”

“कंट्रोलची लुगड्याची गाठ फुटली की माझ्या कार्डावरचं पयलं तुमचं. जयवंताची आन.”

पुढे गाडी पळसदरीच्या वाटेला लागली. बैलांच्या घुंगरांपेक्षा मोतीबाईची जीभ जोरात चालली होती. ती बसूनच राहीना. उभी राहून समोरचं गाव दिसण्याआधीच कोणाच्या पेटीत काय असेल ते सांगू लागे. “त्या आंब्याखालच्या घरात डाळिंबी असंल. न्हवं, डाळिंबी तिनं नणंदेला दिलं, नणंद त्या पल्याडच्या घरात, हाका त्या पल्याडच्या घरात!”

“अगं पडशील!”

“पडू द्या! अवं, मला आठवतंय सगळं! मी म्हनत होती बोचकं रिकामं झालं. बोचकं रिकामं न्हवंच झालं, ह्या गावांतनी पसरून ठेवलंय माझं बोचकं!”

हिरामणने वळून तिच्याकडे पाहिलं. कंट्रोल आल्यापासून हा चेहरा त्याने पाहिला नव्हता. लग्नाच्या नव्या दिवसांत डोक्यावर पहिलं बोचकं घेऊन निघालेली पोर अशीच दिसली होती. त्याने बैलांना चुचकारलं.

पळसदरीच्या सुंदराने अर्ध्या बोलण्यातच डाळिंबी काढून दिलं. पण तिच्या नवऱ्याने, पोशाने, धोतरजोडी पाहिली आणि त्याचे डोळे तिथेच चिकटले. त्याचं एकुलतं धोतर वाळत घातलेलं, म्हणून तो दाराआडून बोलत होता. मोतीबाईने जोडीतलं एक धोतर कात्रीने सोडवलं आणि दाराआड भिरकावलं. सुंदराने लगेच दुसरं लुगडंही काढलं.

“माझं धोतर!” हिरामण कळवळला.

“अजून एक हाय की.”

चौथं लुगडं वाटेतल्या एका वाडीवर निव्वळ शब्दावर मिळालं. राहिलं ते खुद्द सोनाबाईचं. ते सगळ्यांत देखणं हवं. पाताळगंगेच्या अलीकडच्या गावात, नागू नावाच्या शेतकऱ्याच्या घरी, त्याची बायको विमलबाई उंबऱ्यावरच ठाण मांडून बसली.

“हाय एक. हिरवं, तांबड्या काठाचं. पन शब्दावर नाय देनार. आमचे हे सकाळधरनं घोंगडी गुंडाळून बसलेत.”

मोतीबाईने हिरामणकडे पाहिलं. हिरामणने आभाळाकडे पाहिलं. मग उरलेलं धोतर त्याने स्वतःच पुढे केलं. “घे. पोरीच्या लग्नात बापाकडं बघतंय कोन!”

हिरवं लुगडं बाहेर आलं तेव्हा मोतीबाईने श्वास रोखला. काय रंग! लावणीनंतर आठ दिवसांनी शेत दिसतं तो रंग. अशी हिरवी तिने एका सालात खोपोलीच्या बाजारात कितीतरी विकली होती, त्यांतलंच हे एक. कोपऱ्यावर हळदीची दोन-तीन बोटं एकावर एक सुकलेली. म्हणजे फिरून आलेलं होतं. कोणाकोणाकडून? विचारावं असं मनात आलं. पदर आतल्या घडीत होता. उलगडून बघावं असंही आलं. पण घडी मोडली तर मानाला चालणार नाही, आणि एवढं सगळं जमून आल्याच्या आनंदात तिच्या हातापायांना थारा नव्हता. तिने लुगडं छातीशी धरलं आणि गाडीत उडीच मारली.

“वळवा! वळवा गाडी! सोनाबाईला म्हनावं, आता उतर पाताळगंगा!”

*

आणि सोनाबाई उतरली. वाजतगाजत वऱ्हाड आलं. दहिवलीच्या अंगणात आंब्याच्या टहाळ्यांचा मांडव, धवल्यांच्या लग्नगीतांचा सूर, चुलाणावर भाताच्या हंड्या. येसूबाई, सुंदरा, विमलबाई सगळ्या आलेल्या, आपापली दांडाची लुगडी चापूनचोपून नेसून. हिरामण जुन्या धोतराची ठिगळं आतल्या बाजूला वळवून मिरवत होता.

मांडवात पाय ठेवण्याआधी विहिणीला ओसरीवर बसवून मान द्यायचा. चार जावांना चार लुगडी झाली. मग मोतीबाईने तांबड्या काठाचं हिरवं सोनाबाईच्या ओटीत घातलं. आपलं ताजं हळदीचं बोट कोपऱ्याला लावून.

बायका ‘अगं बाई!’ म्हणाल्या. सोनाबाईच्या कडक चेहऱ्यावरही हसू आलं. तिने काठावरून हात फिरवला. मग बोट आत घालून, घडी न मोडता, पदर चाचपला. आणि तिचं बोट थांबलं.

“मोतीबाई. हे कुठनं आनलंस?”

“का वो विहीणबाई?”

सोनाबाईने पदराची दशी ओढून बाहेर काढली. दशीला काळ्या दोऱ्याची बारीक गाठ होती.

“ही गाठ माझी हाय. दृष्ट लागू नये म्हनून मी आहेराच्या प्रत्येक लुगड्याला बांधते. हे लुगडं मी दिलेलं हाय! माझंच लुगडं माझ्या मानाला? सोनाबाईला तिचाच आहेर फिरून?”

वाजंत्री आपोआप थांबली. आत हळद लावून बसलेल्या जयवंताचा चेहरा दारात दिसला. सोनाबाईच्या जावा उठून उभ्या राहिल्या. ती उठेल, गाडी जुंपायला सांगेल, आणि पोर हळदीच्या अंगाने घरात राहील. एवढंच मोतीबाईला दिसत होतं.

आणि तेवढ्यात तिला आणखीही काही दिसलं. सोनाबाईने खांद्यावरून शेला घेतला होता, पण ती रागाने हलली तशी शेल्याची कड सरकली. खाली मांडीजवळ लुगड्याला आडवी शिवण होती. दांड. खालापूरकडच्या सोनाबाईलाही दांड!

पुढे होऊन मोतीबाईने शेल्याची कड हळूच सारखी केली, सगळ्यांच्या नजरेआड. सोनाबाईने झर्रकन तिच्याकडे पाहिलं.

“चूक झाली विहीणबाई,” मोतीबाई मोठ्याने म्हणाली. “बोचकेवालीनं पदर न बघता माल घेतला. जन्मात पयल्यांदा. पन हे माझ्याकडं आलं कसं ते तरी ऐका. विमल, तू बोल. तुला कुनी दिलं?”

विमलबाई खाली बघत म्हणाली, “सुंदरानं. बारशाला.”

“आनि सुंदरा, तुला?”

“मला येसूमावशीनं. डोहाळजेवनाला.”

“मावशी?”

येसूबाईने एवढं मोठं अंग खांबाआड लपवायचा प्रयत्न केला, तो काही साधला नाही. “मला... या विहीणबाईंनीच. माझ्या धाकट्या पोराच्या लग्नात. मला काय ठावं बाय, ते फिरून इथं येईल म्हनून!”

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरी. मग अख्खा मांडव. कोणी म्हणालं, “माझ्या पेटीत बी असंच एक हाय, चार घरं फिरलेलं!” तर कोणी, “माझं तर दोनदा परत आलं!” बायका एकमेकींना कोपराने ढोसू लागल्या, कोणी कोणाला काय दिलं याचा एकच गलका उडाला.

“बगा!” मोतीबाईचा आवाज त्या गलक्यावर चढला. तिचे डोळे चमकत होते. “एवढी गावं फिरलं, एवढ्या बायांच्या हातात पडलं, पन कुनी नेसलं नाय! आमी दांड घालून फिरतो, आनि हे पेटीत झोपतं. कंट्रोलला शिव्या घालतो, आनि कंट्रोल आपल्या पेट्यांतनी करतो. मी रस्ताभर लुगडी मागत आली ना, तवा माझ्या धेनात आलं. कापड कमी नाय, अंगाला लागायचं राहिलंय!”

सोनाबाई हसली नव्हती. ती त्या काळ्या दोऱ्याच्या गाठीवर अंगठा फिरवत होती. तिने विमलकडे पाहिलं, सुंदराकडे पाहिलं, प्रत्येकीच्या लुगड्यावरच्या शिवणीकडे पाहिलं. मग आपल्या शेल्याची कड आणखी जरा ओढून घेतली.

गलका हळूहळू विरला. हिरामणने टोपी काढून हातात घेतली.

“विहीणबाई,” मोतीबाई आता हळू बोलली, जवळ वाकून. “माझी पोर दारात उभी हाय. हे परत न्यायचं असंल तर न्या, पुढच्या लग्नात कुनाला तरी द्या. मी काय म्हननार नाय. फकस्त सांगा, मांडवात येनार का?”

सोनाबाई उठली. लुगडं तिने हातात उभं धरलं, एक टोक पकडून झटक्याने झाडलं, आणि घडी फडकन मोडली. हिरवं कापड ओसरीच्या कडेपर्यंत पसरत गेलं, तांबडा काठ उन्हात लखलखला. बायकांच्या तोंडून एकदम आवाज निघाला.

ते सगळं तिने हातावर गोळा केलं. दारातल्या जयवंताच्या गालाला जाता जाता दोन बोटं लावली, आणि ती ते लुगडं नेसायला माजघरात निघून गेली.